पत्ता सांगणाऱ्या स्क्रिप्ट्स

"एरर: पीजी_कॉन्फिग एक्झिक्युटेबल नॉट फाउंड."

पायथॉनमधून पोस्टग्रेसशी बोलायचा ज्यांनी कधी प्रयत्न केलाय, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ही लाल ओळ तोंडपाठ असेल. आपण हौसेने सायकोपीजी२ इन्स्टॉल करायला जातो आणि पिप ही ओळ तोंडावर फेकतं. मग काय, गूगल करायचं, कोणीतरी सांगितलेलं लिबपीक्यू-डेव्ह नावाचं पॅकेज टाकायचं, एरर गेला की पुढच्या कामाला लागायचं. हे पीजी_कॉन्फिग म्हणजे नक्की काय प्रकरण आहे आणि त्याच्यावाचून एवढं अडतं का, हे विचारायला वेळ कोणाकडे असतो!

मला तो वेळ गेल्या आठवड्यात काढावा लागला, कारण त्याच घराण्यातल्या एका स्क्रिप्टचा रिव्ह्यू माझ्याकडे आला. कंपनीतल्या एका लायब्ररीसाठी लिहिलेली साठेक ओळींची शेल स्क्रिप्ट. तिला विचारायचं, "बाई, तुझे हेडर्स कुठे आहेत? लिंक करताना कुठले फ्लॅग्ज देऊ? व्हर्जन कुठलं?" आणि तिने एका ओळीत उत्तर छापायचं. संपलं काम. 'एलजीटीएम' लिहून दोन मिनिटांत मोकळं होता आलं असतं. पण वाचायला बसलो आणि लक्षात आलं की यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी वाया गेलेली रात्र आहे. तर या वीकेंडला त्या रात्रींचा इतिहास.

सुरुवात १९७६ पासून करू. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनकडे एक दिवस स्टीव्ह जॉन्सन (हाच तो 'यॅक'वाला) वैतागून आला. एका प्रोग्राममधला बग शोधण्यात त्याची अख्खी सकाळ गेली होती. बग त्याने आधीच दुरुस्त केला होता, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती! या वैतागातून फेल्डमनने 'मेक' लिहिलं. कुठली फाइल कशावर अवलंबून आहे आणि कुठल्या क्रमाने बांधायची, हा प्रश्न मेकने सोडवला. पण तुमच्या मशीनवर कंपायलर कुठला आहे, लायब्ररी कुठल्या डिरेक्टरीत आहे, अमुक एक फंक्शन उपलब्ध आहे का, याबद्दल मेक गप्प. ते तुम्ही सांगायचं.

ऐंशीच्या दशकात हे 'तुम्ही सांगायचं' प्रकरण भलतंच महाग झालं, कारण युनिक्स एक राहिलं नव्हतं. सनचं वेगळं, एचपीचं वेगळं, डेकचं वेगळं, बर्कलीचं आणखी वेगळं. कोणाचाही सोर्स कोड उतरवला की मेकफाइलच्या डोक्यावर वीसतीस ओळी कॉमेंट केलेल्या असायच्या आणि आपल्या मशीनला लागू पडणाऱ्या ओळी आपण उघडायच्या. चुकलं तर निस्तरायचं.

लॅरी वॉलने (पर्लच्या आधीचा लॅरी वॉल) १९८४ मध्ये 'आरएन' हा न्यूजरीडर बाहेर काढला. त्याच्याबरोबर 'कॉन्फिगर' नावाची एक स्क्रिप्ट होती. ती मशीनवर फिरून स्वतःच बरंचसं शोधायची आणि जे सापडणार नाही ते तुम्हाला विचारायची. विचारतानाही तिचा विनोद चालू. युनिस नावाचं एक त्रासदायक युनिक्स एम्युलेशन तेव्हा व्हीएमएसवर चालायचं. ते तुमच्याकडे नसेल तर स्क्रिप्ट तुमचं चक्क अभिनंदन करायची! पर्लने १९८७ मध्ये हाच वारसा पुढे नेला आणि त्यात एक फार शहाणपणाची गोष्ट होती: मिळालेली सगळी उत्तरं तो जपून ठेवायचा. आजही टर्मिनलवर 'पर्ल', मग वजा मोठा व्ही, कोलन आणि 'सीसी' असं लिहा. तुमचं पर्ल कुठल्या कंपायलरने बांधलं होतं ते तो सांगेल. म्हणजे तयार झालेला प्रोग्राम स्वतःच्या जन्माची माहिती स्वतःजवळ बाळगतो आणि विचारलं की देतो. आपल्या विषयाचं बीज हे.

पुढे १९९१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेन्झी ग्नूची बरीच पॅकेजेस सांभाळत होता. प्रत्येकाची मेकफाइल प्रत्येक युनिक्ससाठी हाताने बदलून तो कंटाळला आणि त्याने अशा कॉन्फिगर स्क्रिप्ट्स तयार करून देणारं 'ऑटोकॉन्फ' लिहिलं. यामागचा विचार साधा आणि जबरदस्त होता. मशीनला तिचं नाव विचारू नका. काय येतं ते करून बघायला लावा. एक पाच ओळींचा सी प्रोग्राम लिहा, कंपाइल होतो का बघा. झाला तर ती सोय आहे. नाही झाला तर नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. 'नाही झाला तर नाही.' ते नंतर लागणार आहे.

आता १९९८. जीटीके १.० बाहेर आलं. ते वापरून एक साधी खिडकी उघडायची तर लिंक करताना जीटीके, त्याच्याखाली जीडीके, त्याच्याखाली जीलिब, मग एक्स विंडोच्या दोनतीन लायब्ऱ्या, शेवटी मॅथची लायब्ररी, असं सगळं शेपूट द्यावं लागायचं, तेही बरोबर क्रमाने. हे कोण लक्षात ठेवणार? ओवेन टेलरने यावर एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली: जीटीके-कॉन्फिग. लायब्ररी इन्स्टॉल होताना हीपण शेजारी इन्स्टॉल व्हायची, तिच्या पोटात सगळे पत्ते भरलेले असायचे. तुम्ही कंपाइलच्या ओळीत दोन बॅकटिकच्या मध्ये तिचं नाव आणि '--सीफ्लॅग्ज --लिब्ज' एवढं लिहायचं. बाकीचं शेपूट ती छापणार.

कल्पना इतकी सोपी की लोकांनी ती उचलली. मिगेल दे इकाझा, राजा हरिनाथ आणि इतरांनी ग्नोम-कॉन्फिग लिहिलं. मग रांगच लागली: एसडीएल-कॉन्फिग, एक्सएमएल२-कॉन्फिग, फ्रीटाइप-कॉन्फिग, कर्ल-कॉन्फिग, मायएसक्यूएल_कॉन्फिग, आणि आपलं सुरुवातीचं पीजी_कॉन्फिग. बहुतेकांचा नमुना तोच. वर चारदोन व्हेरिएबल्स, मग मदतीचा मजकूर, मग पर्याय ओळखणारा लूप, शेवटी इको. माझ्याकडे रिव्ह्यूला आलेली स्क्रिप्टही याच साच्यातली. लिहिणाऱ्याने ती कुठून तरी घेतली, त्या 'कुठून तरी'ने आणखी कुठून तरी घेतली असणार, आणि मूळ पुरुष जीटीके-कॉन्फिग.

तर आता रिव्ह्यू.

पहिला मुद्दा, सर्वांत निरुपद्रवी दिसणारा. जीटीके-कॉन्फिगमध्ये एक तपासणी होती: हेडरची डिरेक्टरी 'यूएसआर-इन्क्लूड' असेल तर ती छापू नकोस. वरवर बघता हा फालतू नीटनेटकेपणा वाटतो. पण कंपायलर ती जागा नाहीतरी शेवटी शोधतोच. ती तुम्ही हाताने पुढे आणली की शोधायचा क्रम बदलण्याचा धोका असतो, आणि तिसऱ्याच लायब्ररीचं भलत्याच व्हर्जनचं हेडर सापडू शकतं. माझ्याकडच्या स्क्रिप्टमध्ये ही तपासणी 'साफसफाई' म्हणून काढून टाकली होती. परत घालायला सांगितली.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर. मशीनवर एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स असतील तर उत्तर कोण देणार? पाथमध्ये जी स्क्रिप्ट आधी सापडेल ती. म्हणजे तुमच्या प्रोग्रामचं भवितव्य एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या क्रमावर! नव्या व्हर्जनचे हेडर्स आणि जुन्याची लायब्ररी अशी मोट बांधली गेली तर कंपायलर काही बोलत नाही. प्रोग्राम बांधला जातो, सुरू होतो आणि मग भलत्याच ठिकाणी कोसळतो. जीटीके २.० आलं मार्च २००२ मध्ये, तेव्हा जुनं १.२ आणि नवं २.० एका मशीनवर सुखाने नांदावेत म्हणून व्हर्जन थेट नावात आणि डिरेक्टरीत घातलं गेलं. घराचं नावच वेगळं, त्यामुळे पोस्टमन चुकायचा प्रश्न नाही.

तिसरा मुद्दा: उत्तर कोणत्या मशीनबद्दल आहे? लॅपटॉपवर बसून रास्पबेरी पायसाठी कोड बांधताना स्क्रिप्ट चालते लॅपटॉपवर, आणि ती इमानेइतबारे लॅपटॉपचेच पत्ते देते. यात पीजी_कॉन्फिगचा किस्सा मजेशीर आहे. ते मुळात पीटर आयझेनट्राउटने लिहिलेली शेल स्क्रिप्ट होती. पोस्टग्रेस ८.० जानेवारी २००५ मध्ये विंडोजवर थेट चालणार म्हटल्यावर शेलचा उपयोग नाही, म्हणून अँड्र्यू डन्स्टनने ते सीमध्ये लिहून काढलं. विंडोजचं काम झालं. पण आता ते कंपाइल केलेलं बायनरी झालं, त्यामुळे एआरएमसाठी बांधलेलं पीजी_कॉन्फिग इंटेलच्या लॅपटॉपवर चालतच नाही. शेल स्क्रिप्ट चुकीचं का होईना, उत्तर तरी द्यायची! (मस्करी बाजूला ठेवली तर चुकीच्या उत्तरापेक्षा न मिळालेलं उत्तर केव्हाही बरं.)

चौथा मुद्दा शेपटाचा. '--लिब्ज' विचारलं की स्क्रिप्ट खालच्या सगळ्या पिढ्यांची नावं सांगते. स्टॅटिक लिंकिंगला ते हवंच असतं, पण शेअर्ड लायब्ररीला फक्त थेट नातेवाईक पुरतात. सगळ्यांना सगळी नावं दिली की तळातल्या एका लायब्ररीचं व्हर्जन बदललं तरी तिला प्रत्यक्षात कधीच हाक न मारणारे ढीगभर प्रोग्राम्स पुन्हा बांधावे लागतात. लिनक्स डिस्ट्रो चालवणाऱ्यांनी हे भरपूर भोगलंय.

हे चारही मुद्दे नीट बघितले तर मूळ दुखणं एकच निघतं. उत्तर हा खरं तर डेटा आहे: नाव, व्हर्जन, पत्ता, नातेवाईक. पण आपण तो प्रोग्रामच्या पोटात कोंबलाय. गावातली जमीन कोणाची हे कळायला प्रत्येक वेळी तलाठ्याला गाठून तोंडी विचारावं, आणि प्रत्येक गावच्या तलाठ्याने आपापल्या पद्धतीने सांगावं, असा हा कारभार. त्याऐवजी ठरलेल्या नमुन्यातला सातबारा असेल तर तो कोणीही, कुठेही बसून वाचू शकतो.

हा सातबारा म्हणजे पीकेजी-कॉन्फिग. २००० च्या सुमाराची ही गोष्ट. जेम्स हेनस्ट्रिजने ते लिहिलं, मार्टिन व्हान बीअर्सने पुन्हा लिहिलं, आणि हॅवॉक पेनिंग्टनने आणखी एकदा पुन्हा लिहिलं. (हा तिहेरी इतिहास त्याच्या मॅन पेजमध्येच नोंदवलेला आहे, वर ओवेन टेलरच्या जीटीके-कॉन्फिगचं ऋणही मान्य केलंय.) आता प्रत्येक लायब्ररीने स्क्रिप्ट द्यायची नाही, दहाबारा ओळींची एक '.पीसी' फाइल ठेवायची. नाव, वर्णन, व्हर्जन, कशाची गरज आहे, कुठले फ्लॅग्ज. फाइल वाचणारा प्रोग्राम एकच. दुसऱ्या मशीनसाठी बांधायचंय? मग त्याला दुसऱ्या डिरेक्टरीतल्या फाइल्स वाचायला सांगा. थेट नातेवाईक आणि लांबचे नातेवाईक यांचे रकाने पुढे वेगळे केले गेले, त्यामुळे शेपटाचा प्रश्नही सुटायला लागला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अशी फाइल रिव्ह्यू करायला खरंच दोन मिनिटं पुरतात, कारण ती काही 'करत' नाही, फक्त 'सांगते'.

अर्थात इंजिनिअर लोकांनी केलेली गोष्ट, म्हणजे गंमत असणारच. पीकेजी-कॉन्फिग स्वतः जीलिब वापरतं, आणि जीलिब बांधायला पीकेजी-कॉन्फिग लागतं! लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना. शेवटी पीकेजी-कॉन्फिगने जीलिबची एक प्रत स्वतःच्याच सोर्समध्ये घेऊन हिंडायला सुरुवात केली. हे ओझं नसलेला 'पीकेजीकॉन्फ' नावाचा पर्याय २०११ मध्ये सुरू झाला. फेडोराने तो २०१७ मध्ये २६ व्या व्हर्जनपासून घेतला आणि डेबियनने २०२३ मध्ये, १२ व्या व्हर्जनमध्ये. जुन्या स्क्रिप्ट्सही हळूहळू निवृत्त होतायत. फ्रीटाइपने २०१८ मध्ये आपली स्क्रिप्ट आपोआप इन्स्टॉल करणं बंद केलं. म्हणजे १९९८ च्या त्या छोट्या शेल स्क्रिप्टची वंशावळ पुसायला वीस वर्षं लागली, आणि अजून ती पूर्ण पुसलेली नाहीच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे, जुन्या लोकांच्या गमतीजमती. आज याचं काय? तर आता मघाचं ते वाक्य परत आणतो. 'कंपाइल नाही झाला तर ती सोय नाही.'

एक्सझेड ही दाबून ठेवलेल्या फाइल्स उलगडणारी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असणारी. लासे कॉलिन हा माणूस ती वर्षानुवर्षं, बहुतांशी एकट्याने आणि फावल्या वेळात सांभाळत होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि सहमेंटेनर झालं. २६ फेब्रुवारी २०२४ ला त्या नावाने एक कमिट झाली. शीर्षक काय, तर लँडलॉकची चाचणी दुरुस्त करणे. लँडलॉक ही लिनक्स कर्नलची सोय आहे, ती वापरून प्रोग्राम स्वतःचेच हातपाय बांधून घेतो, म्हणजे त्याच्यात कोणी घुसलं तरी फार नुकसान करू नये. ही सोय मशीनवर आहे का हे बघायला तोच तो पाच ओळींचा सी प्रोग्राम. फक्त सीमेकच्या फाइलमध्ये त्या प्रोग्रामात एका ओळीवर एक टिंब जास्तीचं होतं. एकटं टिंब.

त्या टिंबामुळे चाचणी कंपाइल होणं शक्यच नव्हतं, कुठल्याही मशीनवर. आणि कंपाइल झालं नाही म्हणजे एरर नव्हे. उत्तर 'सोय नाही'. बिल्ड हिरवं, कोणाला काही कळायचं कारण नाही, आणि सुरक्षेचा एक दरवाजा उघडा. बहुतेक डिस्ट्रो एक्सझेड बांधायला सीमेक वापरत नाहीत, म्हणून या टिंबाचा प्रत्यक्ष परिणाम मर्यादित राहिला. पण डिफ बघणाऱ्या किती जणांना ते टिंब दिसलं असतं? मी स्वतः दहा वेळा बघितलंय, कुठे आहे ते माहीत असूनही डोळे त्याच्यावरून घसरतात.

खरा दरोडा दुसऱ्या वाटेने होता. ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जन्सच्या टारबॉलमध्ये ऑटोकॉन्फची एक एम४ फाइल बदललेली होती. गिटमध्ये ती नव्हतीच. कॉन्फिगर चालताना ती चाचणीसाठी ठेवलेल्या 'बिघडलेल्या' फाइल्समधून कोड बाहेर काढून लायब्ररीत घुसवायची. आणि त्याआधी ती काय करायची माहितेय? प्रश्न विचारायची! मशीन ६४ बिट इंटेल लिनक्स आहे का? कंपायलर जीसीसी आहे का? लिंकर ग्नूचा आहे का? डेबियनचं किंवा आरपीएमचं पॅकेज बांधलं जातंय का? सगळ्याची उत्तरं 'हो' आली तरच पुढे. घरफोड्याने आधी बेल वाजवून घरात कोण कोण आहे ते बघावं, तसं. कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये अशा प्रश्नांच्या हजारो ओळी असतातच, त्यात आणखी चार कोणाच्या नजरेत येणार?

पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंडने. तो पोस्टग्रेसचा डेव्हलपर (योगायोग म्हणजे पीजी_कॉन्फिगचंच घर). त्याच्या डेबियनवर एसएसएचचं लॉगिन साधारण ५०० मिलिसेकंद जास्त वेळ घेत होतं. त्याला ते खटकलं, तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने जगाला सांगितलं. तोवर हा कोड डेबियन, फेडोरा यांच्या चाचणीच्या आवृत्त्यांत पोचला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर स्थिर आवृत्त्यांतही गेला असता. टिंब सापडलं त्यानंतर, ३० मार्चला, लासे कॉलिन परत सगळं तपासायला बसला तेव्हा.

यातून मी माझ्यापुरते तीन नियम केलेत आणि परवाच्या रिव्ह्यूमध्ये तेच लिहिले. एक, 'नाही' या उत्तराचा अर्थ काय ते स्पष्ट हवं. सोय नाही म्हणून 'नाही', की प्रश्नच तुटलाय म्हणून 'नाही'? जिथे उत्तर 'हो' यायलाच हवं, तिथे 'नाही' आलं तर बिल्ड थांबलं पाहिजे, गुपचूप पुढे जाता कामा नये. दोन, उत्तर कोणत्या मशीनबद्दल आहे हे स्क्रिप्टला वापरणाऱ्याकडून सांगता आलं पाहिजे. तीन, जे नुसतं सांगण्यासारखं आहे त्यासाठी प्रोग्राम लिहू नये, फाइल लिहावी.

तिसऱ्या नियमाने त्या साठ ओळींपैकी पन्नासएक ओळी गेल्या आणि त्यांच्या जागी अकरा ओळींची एक .पीसी फाइल आली. लिहिणारा थोडा हिरमुसला. त्याने पर्याय ओळखणारा लूप खरंच छान लिहिला होता. त्याला म्हटलं, बाबा रे, तो लूप १९९८ पासून छानच आहे.

तुमच्या मशीनवर लिनक्स असेल तर आज एक करून बघा. 'पीकेजी-कॉन्फिग' लिहा, पुढे '--लिस्ट-ऑल'. समोर येईल ती यादी निवांत वाचा, त्यातली एखादी .पीसी फाइल उघडून बघा. तुमचं सॉफ्टवेअर बांधताना रोज कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला जातोय, ते पहिल्यांदा नावानिशी दिसेल.